मास्तरचा नवस

११ एप्रिल १९३७, भोर

पाय सुजलेत, जेवण घशाखाली उतरत नाही, आणि मी खोलीत येरझाऱ्या घालतोय. रतन म्हणते, "अहो, बसा तरी एका जागी! गरगरायला लागलं मला बघून." कसा बसू? ज्याच्या हाती आज असं झाड लागलं त्याने बसायचं कसं ते तिनेच सांगावं.

गुंजवण्याच्या वरच्या अंगाला धनगरवाड्यापलीकडे वाघजाई देवीची राई आहे. तिच्या एका ओसाड कोपऱ्यात, करवंदीच्या जाळीत, टेंभुर्णीच्या कुळातलं एक झाड सापडलं. आणि ते टेंभुर्णी नाही! फूल चार पाकळ्यांचं, म्हणजे टेंभुर्णीच्याच घराण्यातलं, डायोस्पायरॉस. पण पान दाबून ठेवलं की वाळताना काळं ठिक्कर पडतं, आणि तो गुण रक्तरोड्याचा. रक्तरोडा म्हणजे माबा. त्याचा सगळा हिशेब तीनचा: पाकळ्या तीन, फळावरच्या टोपीला कान तीन. शास्त्राने या दोन घरांत भिंत घातली आहे आणि हे झाड त्या भिंतीवर तंगड्या सोडून बसलंय. माझ्याजवळचे सगळे ग्रंथ उलथेपालथे केले. कुठेही त्याची नोंद नाही.

या कुळात नर-मादी झाडं वेगळी. नर झाडं राईत दोन-चार दिसली, मादी ही एकच. ती पुन्हा सापडावी म्हणून फांदीला चिंधी बांधून आलो. चिंधी हिरव्या लुगड्याची, तांबड्या काठाची. सकाळी निघताना घाईत रतनच्या पेटीतून फाडून घेतली होती. ते तिच्या आईचं लुगडं होतं हे आता कळलं. "मला विचारायचं तरी!" एवढंच म्हणाली आणि आत गेली. चुकलं माझं. पण अशा झाडापुढे लुगड्याचं काय एवढं!

चिंधी बांधताना हैबती धनगराची बायको पारूबाई शेरडं घेऊन मागे उभी होती. "काय बांधलंसा, मास्तर?"

"खूण."

"कशापायी?"

आता हिला वनस्पतींचं वर्गीकरण कुठून समजावू? म्हटलं, "काम व्हावं म्हणून." तिने लगेच हात जोडले. मला नव्हे, झाडाला.

१९ एप्रिल

पुण्याला कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या प्रोफेसरसाहेबांना फुलं दाखवून आलो. भिंगातून बराच वेळ पाहत होते. मी खुर्चीत चुळबुळ करतोय ते बघून म्हणाले, "आनंदराव, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! फळाशिवाय नाव नाही. हिवाळ्यात फळ आणा, टोपीसकट. मग बघू."

फळ पटलं तर ते विद्वानांच्या सभेत निबंध वाचतील, त्यावर माझं नाव असेल. शिवाय कॉलेजात वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह सांभाळायची जागा निघते आहे, ती मला. भोरच्या शाळेत पोरांना बेडकाची आतडी दाखवून दाखवून मी कंटाळलोय. वरव्याच्या शेतकऱ्याचा मुलगा पुण्याच्या कॉलेजात! आबा असते तर गावजेवण घातलं असतं.

रतनला सांगितलं. ती चुलीपुढून उठून आली. "पुण्याला गेलो तर मी मास्तरणीच्या ट्रेनिंगला जाईन. मराठी सातवी झालेय मी. लग्नाआधीच जायचं होतं, तुम्हाला ठाऊकच आहे." मला ठाऊक नव्हतं. तरी हो म्हटलं. हो म्हणायला काय जातं?

२२ जून

सुचत नाही काही. फळ्यावर, वर्तमानपत्राच्या कडेला, दूधवाल्याच्या पावतीमागे एकच लिहितोय: डायोस्पायरॉस भोरेन्सिस. की नावात भोरऐवजी राजगड घालावा? मुख्याध्यापकांनी विचारलं, "हा कोणता रोग?" म्हटलं, रोग नव्हे, झाड. ते म्हणाले, "एकूण एकच."

१४ ऑगस्ट

गुंजवणी नदी फुगली आहे, वर जाता येत नाही. फळं धरली असतील का? माकडांनी खाल्ली असली तर? दिवसभर हेच. काल रतन ट्रेनिंगबद्दल काहीतरी सांगत होती, तिच्या पुण्यातल्या भावाने चौकशी केली म्हणे. माझं लक्ष नव्हतं. ती मध्येच थांबली तेव्हा कळलं की बोलत होती.

१० ऑक्टोबर

हैबती घोंगड्या विकायला भोरला आला होता. ओसरीवर बसला, गूळपाणी घेतलं आणि एकदम माझे पाय धरले. "मास्तर, आमच्या सुनंला, फुलीला, सात वर्सांनी दिवस राहिलं. तुमच्यामुळं!"

मी चपापलो. दारात रतन उभी. "अरे, काय बोलतोस हे?"

"तुमी नवस केलासा त्याच झाडाला माज्या सुनंनं बी चिंधी बांधली. तुमच्या चिंधीच्या शेजारी. आता समदं खोरं येतंय. मास्तरचं झाड म्हनत्यात."

रतन पदर तोंडाला लावून आत पळाली, आतून हसण्याचा आवाज आला. मी हैबतीला बजावलं की नवसबिवस काही नाही, ती खूण होती. तो मान डोलवत राहिला. नवस कुणी उघड सांगत नाही, असं त्याचं म्हणणं. जाऊ दे. मुख्य गोष्ट विचारली: फळं धरलीत का? "धरल्यात की!" म्हणाला. आता घोडामैदान जवळच आहे.

२६ डिसेंबर, गुंजवणे

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती!

राईत पाऊल टाकलं आणि वाटलं, वाट चुकलो. करवंदीच्या जाळ्या साफ तोडलेल्या. मधोमध मोठं झाड, त्याच्याभोवती दगडांचा पार, पारावर शेंदूर फासलेला देवीचा दगडी तांदळा. आणि चिंध्या! त्या झाडावर तर इतक्या की पान दिसेना. आसपासच्या झाडांवरही तांबड्या, पिवळ्या, हिरव्या, काही खणाच्या, एक तर चक्क कुणाचं मुंडासं. एका चिंधीवरून ओळखायचं झाड, आणि आता राईभर चिंध्या.

पारूबाई हौसेने सगळं दाखवत होती. "हे पल्याडच्या वाडीचं. ह्ये माज्या जावंचं. बगा, कसं केलंय तुमच्या मागनं!" मला रडावं की हसावं कळेना. पारावरच्या मोठ्या झाडाकडे मी दुसऱ्यांदा पाहिलंही नाही. माझं झाड आडबाजूला, जाळीत होतं, असं देवळासारखं मध्ये नव्हतं; यांनी भलत्याच झाडाला मास्तरचं झाड ठरवलेलं. त्यावर फळही नव्हतं, लोकांनी प्रसाद म्हणून सगळी उतरवलेली. पारूबाईने त्यातलंच एक वाळकं माझ्या हातावर ठेवलं. मी वैतागलेलो. चार कानांची टोपी नखाने उडवली आणि तोंडात टाकलं. तुरट. टेंभुर्णीच असेल एखादी.

मग कडेच्या जाळीत शिरलो. ओढ्यालगत एक झाड, फांदीला विटलेली हिरवी चिंधी, आणि वर फळं! टोपी पाहिली तर कान तीन. तीन! फूल चारचं आणि फळ तीनचं, एकाच झाडावर! ही नुसती नवी जात नव्हे, ही दोन घरांमधली भिंतच पडली. मी पारूबाईला मिठीच मारणार होतो, तेवढ्यात शेरडू आडवं आलं.

२८ डिसेंबर, भोर

फळं कागदांत घातली. चिंधीही सोडून आणली होती, ती रतनपुढे टाकली. "घे तुझ्या आईचं लुगडं. झालं समाधान?"

तिने चिंधी बोटांवर घेतली, उजेडात धरली. "हे आईचं नव्हे."

"पावसाने विटलंय."

"रंग विटतो, सूत बदलत नाही. आणि काठ कुठाय? हे आईचं नव्हे, सांगून ठेवते."

मी फार चिडलो. म्हटलं, तुला चिंध्यांतलं कळतं, झाडांतलं मला कळतं. ती म्हणाली, "मी चिंधीचंच बोलतेय." असं बोलते की माणसाने पुढे काय बोलावं! फळं टपालाने पाठवून दिली. पाठवल्यावर पोस्टाच्या पायरीवर उगाच बराच वेळ उभा राहिलो.

१७ जानेवारी १९३८

प्रोफेसरसाहेबांचं पत्र. इतकं मोठं पत्र त्यांनी मला कधी लिहिलं नव्हतं. माबा आणि डायोस्पायरॉस एकच, अशी त्यांना स्वतःला फार दिवसांपासून शंका होती म्हणे. आता पुरावा मिळाला. निबंध मे महिन्यात वाचणार. एप्रिलमध्ये त्याच झाडाची ताजी फुलं तेवढी हवीत, चित्रासाठी.

आनंद व्हायला हवा. झालाच आहे. पण मध्येच एक गोष्ट आठवते. ओढा. माझ्या झाडाजवळ ओढा होता का? असेल. एप्रिलमध्ये ओढे कोरडेच असतात, लक्षात कसे राहणार?

२० फेब्रुवारी

जागा मिळाली. जूनपासून हजर व्हायचं. मुख्याध्यापकांनी वर्गात पेढे वाटले, शिपायाने हार घातला. बातमी वरव्यापर्यंत गेली, खोऱ्यातही पोचली असणार. रतनने पेटी काढून ऊन दाखवायला ठेवली. ट्रेनिंगची जागा तिच्या भावाने धरून ठेवली आहे. हल्ली ती काम करताना गुणगुणते. मला ते ऐकवत नाही, का कोण जाणे. काल उगाच खेकसलो तिच्यावर.

१२ मार्च

झोप नाही. चिंधीचं सूत, सूत, सूत. हातच्या काकणाला आरसा कशाला? एप्रिलमध्ये फुलं येतील तेव्हा दिसेलच. मग आत्तापासून का जीव टांगणीला?

३ एप्रिल, गुंजवणे

जे झालं ते सरळ लिहितो.

आधी ओढ्याकाठच्या झाडाकडे गेलो. फुललं होतं. पहिलं फूल पाहिलं, पाकळ्या तीन. दुसरं, तीन. अंगावर घेऊन फांद्याच ओरबाडल्या, तीनच्या वर पाकळी नाही. साधा रक्तरोडा! कुठल्याही ग्रंथात असलेला, कुणीही दाखवील असला रक्तरोडा. त्याचं फळ मी नव्या जातीचं म्हणून पुण्याला पाठवलं. खालीच बसलो. लाजेने कानशिलं तापली होती. रतनने सांगितलं होतं, आणि मी तिला गप्प केलं होतं.

मग माझं झाड कुठलं? पारावर चढलो आणि मोठ्या झाडावरच्या चिंध्या सोडवायला लागलो. एकीखाली दुसरी, दुसरीखाली तिसरी. सगळ्यांच्या तळाशी, फांदीच्या सालीत रुतलेली, हिरवी, तांबड्या काठाची. जाळी तोडून यांनी कोपऱ्याचा मध्य केला होता आणि मी गाढव ओसाड कोपरा शोधत फिरत होतो. प्रसादाचं म्हणून चघळून थुंकलेलं ते फळच माझं फळ होतं.

आणि झाडाची दशा! तोडत कुणी नाही, राईतलं झाड तोडणं पाप. पण अंगाऱ्याला म्हणून प्रत्येक बाईने नखाने साल खरवडून नेलेली. खोडाला फक्त मागच्या बाजूने हातभर साल उरली आहे. बुंध्याला टेकून नवसाच्या जेवणाच्या चुली, मुळं करपलेली. अर्धं झाड वाळलंय. उरलेल्या एका फांदीवर फुलं आहेत, चार पाकळ्यांची. त्या फांदीला हात लावून मी उभा राहिलो आणि मला रडू आलं. हे मी केलं. कुऱ्हाड घेऊन आलो असतो तर निदान कुणी अडवलं असतं.

तेवढ्यात वाजतगाजत माणसं आली. पुढे हैबती, बोकड घेऊन. मागे पारूबाई, आणि फुलाबाई महिन्याभराचं पोर पदराखाली घेऊन. बायकांनी बुंध्याशी लाकडं रचायला सुरुवात केली.

"आलासा मास्तर! बरं झालं," पारूबाई म्हणाली. "तुमाला बी पुन्याची नोकरी लागली म्हनं. आज दोगांचा बी नवस फेडून टाकू."

मी ओरडलो की चूल लावू नका, झाड मरतंय, साल गेली की झाड मरतं! हैबती हसला. "देवाचं झाड मरतंय व्हय?" मी मुळं, साल, रस, सगळं सांगितलं. वर्गात सांगतो तसं सांगितलं. ते आदराने ऐकत होते आणि लाकडं रचत होते.

मग माझ्या तोंडून निघालं, "माझा नवस फळला नाही."

लाकडं रचणारे हात थांबले. पारूबाई म्हणाली, "असं कसं? समदं खोरं म्हनतंय."

"खोरं म्हणू दे. माझं काम झालं नाही. नोकरी मिळाली नाही."

फुलाबाईने पोर छातीशी घट्ट धरलं. झाड खोटं ठरलं तर तिच्या मुलाचं काय, हे मी बोलण्याआधी मनातच आणलं नव्हतं.

पारूबाई पारावर चढली. खोडावरून हात फिरवला, सालीचा उघडा भाग चाचपला. वरच्या वाळक्या फांद्या न्याहाळल्या. "एका झाडात जीव तो किती असनार, मास्तर? माज्या सुनंनं मागितलं, जावंनं मागितलं, पल्याडच्या वाडीनं मागितलं. दिऊन दिऊन दमलं बगा ते. आमाला दिलं आन् तुमचं ऱ्हाऊन गेलं." मग नवऱ्याकडे वळून कडाडली, "बगताय काय? चूल हलवा तितनं! आटलेली म्हस बी कुनी पिळत न्हाई. ह्याला आता इसावा. हात लावंल त्याची गाठ माज्याशी हाय."

लाकडं उचलली. फुलाबाई माझ्या पाया पडली. म्हणाली, "आमच्या वाटनीचं तुमी सोसलंसा." मी पाय मागे घेतले. जेवायला बसवलं, वाढलं. पुण्याची नोकरी माझ्या खिशात होती, पत्राच्या घडीत. आणि सगळं खोरं जूनमध्ये बघणार, मास्तर गेला का राहिला. गेलो तर उद्या पुन्हा चुली बुंध्याशी.

५ एप्रिल, भोर

काल रात्री घरी पोचलो, आज सकाळी रतनला सगळं सांगितलं. चिंधीचंही सांगितलं. "तुझं खरं होतं" म्हणायला एवढं जड का जावं माणसाला?

ती शांतपणे ऐकत होती. मला वाटलं, रडेल. प्रोफेसरसाहेबांना पत्र लिहायला बसलो: फळ चुकीचं, निबंध मागे घ्यावा, जागा दुसऱ्या कुणाला द्यावी. ते लिहितील, पुन्हा फळ आणा. पुढल्या हिवाळ्यात झाडाला फळ धरेल की नाही, झाड तरी असेल की नाही, देव जाणे. देव म्हणालो मी! असो.

पाकीट चिकटवलं तेव्हा ती म्हणाली, "झाड वाचवलंत, बरं केलंत. मीही तेच केलं असतं. पण माझं पुणं तुम्ही कुणाला विचारून दिलंत?"

मी चिकटवलेलं पाकीट पुन्हा दाबून चिकटवायला लागलो.

"मी जाणार आहे," ती म्हणाली. "दादाकडे राहीन. जागा धरलेली आहे, ती मी सोडणार नाही. तुम्ही इथे राहा, झाड राखा."

"अगं, दोन वर्षं! लोक काय म्हणतील?"

"काही का म्हणेनात. खोरं काय म्हणतं ते तुम्ही कालच बघून आलात."

मी नाही म्हणू शकलो असतो. नवरा आहे. जिभेवर आलंही होतं. पण तिच्याकडे पाहिलं आणि म्हटलं, "बरं." तिने मान हलवली आणि उन्हात ठेवलेल्या पेटीतली लुगडी झटकायला लागली.

मग माझ्या तोंडून निघूनच गेलं, "इतके दिवस मी एकट्याने या घरात करायचं काय?"

ती मान वर न करता म्हणाली, "लग्न होऊन आल्यापासून मी काय केलं, ते आठवा."

दुपारभर बसून आठवतोय. मला माहीत नाही.